छातीवरचा पट्टा बॅटरी पुरवून कशी वापरतो

पुण्यात तळजाईच्या टेकडीवर सकाळी धावणाऱ्या काही जणांच्या टी-शर्टखाली हल्ली छातीला पट्टा असतो. हृदयाचे ठोके मोजायचे आणि मोबाइलला कळवायचे, एवढंच त्याचं काम. आत सीआर २०३२ हा बटन सेल, क्षमता सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास. ब्लूटूथची चिप संदेश पाठवताना साधारण ५ मिलिअँपिअर ओढते. अखंड पाठवत राहिली तर सेल ४५ तासांत संपायला हवा, पण पट्टा चालतो महिनोन्‌महिने.

चिप १५ मिलिवॉट खाते, पण अँटेनातून बाहेर पडतो जेमतेम १. बाकीची वीज २.४ गिगाहर्ट्‌झची लहर घडवण्यात, ती स्थिर ठेवण्यात आणि उष्णतेत जाते. त्यामुळे संदेशाची ताकद निम्मी केली म्हणून खर्च निम्मा होत नाही. खरी बचत होते ती झटपट पाठवून झोपण्यात. ईसीजीचे, म्हणजे हृदयाच्या विजेच्या आलेखाचे, सेकंदाला २५० नमुने, प्रत्येकी १२ बिट, म्हणजे ३,००० बिट. सेकंदाला १० लाख बिटांच्या वेगानं हे काम ३ मिलिसेकंदांचं. वर पत्ता वगैरे मजकुराचा थोडा वेळ. उरलेला सेकंद चिप मायक्रोअँपिअरवर, म्हणजे मिलिअँपिअरच्या हजाराव्या हिश्शांवर, पडून राहते.

त्याहून हुशारी म्हणजे आलेख पाठवायचाच नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर १६ बिटांत मावतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर सेकंदाला २० बिटसुद्धा होत नाहीत! धावणाऱ्याला तेवढं पुरतं. हृदयरोगतज्ज्ञाला मात्र आलेखाचा आकारच बघायचा असतो. तिथे ही काटकसर कामाची नाही.

मग अडचण उरते ती शरीराची. खारट पाण्यानं भरलेला देह २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शोषून घेतो. पट्टा छातीवर आणि फोन मागच्या खिशात असला, की खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या लहरी मदतीला येतात. उघड्या टेकडीवर भिंती कुठून आणायच्या? तिथे संपर्क तुटतो, संदेश पुन्हा पाठवावा लागतो आणि वाचवलेली वीज तिथेच जाते.

यावर एक उलटा विचार आहे: शरीरालाच तार करायचं. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या २०१२ च्या ८०२.१५.६ या मानकात २१ मेगाहर्ट्‌झवर तशी सोय आहे. संदेश त्वचेलगत राहतो, हवेत फारसा सांडत नाही. ब्लूटूथला एका बिटामागे १५ नॅनोज्यूल लागतात, तर प्रयोगशाळेत या जातीच्या चिपांनी १० पिकोज्यूलच्या (पिको म्हणजे नॅनोचा हजारावा भाग) आत काम भागवलं आहे. फरक हजारपटीहून जास्त. पण बाजारातल्या फोनांत हा संदेश ऐकणारं यंत्रच नाही. त्यामुळे पहिली संधी मिळाली तर ती मनगटावरच्या घड्याळाला: पट्ट्याकडून त्वचेवाटे ऐकायचं आणि पुढे फोनला ब्लूटूथनं कळवायचं. घड्याळ तसंही रोज चार्जिंगला लागतंच.