धोका दडवणे (नीतिशास्त्र)

दुसऱ्याच्या जिवावर बेतेल अशी गोष्ट ठाऊक असूनही आपले नुकसान नको म्हणून ती न सांगणे. यात खोटे बोलावेच लागते असे नाही, बहुतेकदा नुसते गप्प बसले तरी काम भागते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण घरची अब्रू राखण्यापुरती खरी. झाकलेल्या गोष्टीने शेजाऱ्याचा जीव जाणार असेल तर तिचा आधार घेता येत नाही.

वाद जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये कर्तव्यांविषयी लिहिताना घर विकणाऱ्या एका माणसाचे उदाहरण घेतले. घर रोगट आहे, झोपायच्या सगळ्या खोल्यांत साप निघतात, लाकूड कुचकामी आहे आणि हे मालकाखेरीज कुणालाच माहीत नाही. घ्या म्हणून कुणी बळजबरी केली नाही, मग विकणाऱ्याचा काय दोष, अशी बाजू बाबिलोनचा तत्त्वज्ञ डायोजिनिस मांडतो. त्याचा शिष्य अँटिपेटर मात्र हे वाट चुकलेल्याला रस्ता न दाखवण्याहून वाईट मानतो. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूने आहे. भारतीय करार कायदा (१८७२) गुरूच्या जवळ जातो: कलम १७ नुसार, बोलणे हे कर्तव्यच ठरावे अशी परिस्थिती नसेल, तर नुसते मौन म्हणजे कपट नव्हे. लिलावात खोड असलेला घोडा विकताना मालक गप्प राहिला तर ते कपट नाही; घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र त्याने सांगायला हवे. कायद्याला पोटच्या मुलीबाबत जे उघड दिसते ते परक्याबाबत दिसत नाही, ही त्याची उणीव म्हटली पाहिजे.

मुंबई-पुण्याच्या प्लेगमध्ये या प्रश्नाची दोन्ही रूपे एकाच वेळी दिसली. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस (मूळचे गोव्यातील हडफड्याचे) यांनी मुंबई महापालिकेच्या स्थायी समितीत सांगितले, की मांडवीत प्लेग आहे. मांडवी म्हणजे बंदरालगतचा, धान्याच्या वखारींचा भाग. प्लेग हा शब्द एकदा उच्चारला की परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडवणार, हे व्यापारी आणि अधिकारी दोघेही जाणून होते. रोगाला सौम्य नावाने संबोधण्याची धडपड त्यातूनच झाली. ज्यांना पेढी राखायची होती त्यांचे मौन वखारीतल्या हमालाच्या जिवावर उठणारे होते, आणि त्या हमालाला यातले काहीच ठाऊक नव्हते.

दुसरी लपवालपव घराघरांत झाली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. पुण्यात मार्चपासून प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे शिपाई घरात घुसून रोगी शोधू लागले. रोगी सापडला की त्याला इस्पितळात, घरच्यांना छावणीत धाडायचे आणि सामान जाळायचे. काखेत किंवा जांघेत गाठ आलेल्या माणसाला घरचे माळ्यावर नाहीतर अडगळीत निजवत आणि पावले वाजली की त्याने कण्हू नये म्हणून जीव मुठीत धरून बसत. धोका इथेही शेजाऱ्यालाच होता. पण हे लोक नफा राखत नव्हते, आपले माणूस राखत होते, आणि खरे सांगण्याची शिक्षा सरकारने आधीच ठरवून ठेवली होती. दोन्ही मौनांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. पहिल्या मौनाचा दोष गप्प बसणाऱ्याचा. दुसऱ्यातला मोठा वाटा, बोलणे अशक्य करून ठेवणाऱ्याचा. मुंबईत पुढे जातीजमातींना स्वतःची प्लेग इस्पितळे उघडू दिली, कारण आपल्या माणसांच्या देखरेखीखाली रोगी सोपवायला लोकांचे मन धजत होते.

पुण्याजवळ असे एक ठिकाण झडत्यांच्या आधीच उभे होते. डॉ. यशवंत फुले यांनी हडपसर भागात माळावर दवाखाना थाटला होता आणि त्यांच्या आई सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तिथे आणत. मुंढव्याच्या वस्तीतून प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन येताना त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.