एका क्षला एकच य, हे कधी ठरलं?

अकरावीतली एक मुलगी सदाशिव पेठेत आमच्याकडे गणित विचारायला येते. परवा तिनं आप्पा बळवंत चौकातून आणलेल्या नव्या आलेखवहीवर ५ एकक त्रिज्येचं वर्तुळ काढलं आणि क्ष = ३ वर पट्टी उभी धरली. पट्टीनं वर्तुळाला दोनदा छेदलं, य = ४ आणि य = −४. फंक्शनमध्ये एका क्षला एकच य हवा, म्हणजे हे फंक्शन नाही, एवढं तिला येत होतं. तरी तिनं विचारलं, "पण काका, वर्तुळाला समीकरण आहे ना? मग फंक्शन का नाही?"

जुन्या गणितज्ञांनी तिचीच बाजू घेतली असती. १७१८ मध्ये योहान बर्नुलीनं फंक्शनची व्याख्या केली ती अशी: चल आणि स्थिरांक यांपासून कुठल्याही रीतीनं बनलेली राशी. ऑयलरच्या १७४८ च्या ग्रंथातही भर सूत्रावरच आहे, आणि तिथं एक किंमत देणारी व अनेक किमती देणारी असे फंक्शनचे सरळ प्रकारच केलेले आहेत. अधिक-उणे दोन्ही किमती देणारं वर्गमूळ त्याच्या लेखी फंक्शनच होतं.

गाडं अडलं ते तारेवर. सतारीची तार मध्यावर ओढून धरली की तिला कोपरा येतो. या आकाराचं एकच सूत्र कुठलं? दालांबेर सूत्रावर अडून बसला, ऑयलरला हातानं काढलेला वक्रही चालत होता. पुढे १८२२ मध्ये फूरियेनं असे कोपरेवाले आकारही साइन-कोसाइनच्या अनंत बेरजेत बसवले, आणि सूत्राचा आग्रहच ढिला पडला. १८३७ मध्ये डिरिक्लेनं अखंड, म्हणजे आलेख कुठंही न तुटणाऱ्या, फंक्शनांपुरतं स्पष्ट लिहिलं की प्रत्येक क्षला एक ठरावीक य मिळाला म्हणजे झालं, सर्वत्र एकच नियम असण्याची गरज नाही. फंक्शन म्हणजे (क्ष, य) अशा क्रमित जोड्यांचा संच, ही आजची व्याख्या विसाव्या शतकातली.

वर्तुळाला यात कमीपणा काहीच नाही. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापणाऱ्या श्रीराम अभ्यंकरांनी बीजगणितीय समीकरणांच्या वक्रांचा आणि पृष्ठांचा अभ्यास केला.

मग मी तिला डिरिक्लेचंच १८२९ चं उदाहरण दिलं: क्ष परिमेय असेल तर एक किंमत, अपरिमेय असेल तर दुसरी. तिनं १ आणि ० घेऊन आलेख काढायला सुरुवात केली. कागदावर दोन सलग आडव्या रेषा उमटल्या. पट्टी कुठंही उभी धरा, दोन्ही रेषा छेदल्यासारख्या दिसतात, आणि तरीही हे फंक्शन आहे. तिनं पट्टी बाजूला ठेवली आणि √२ ची किंमत कुठल्या रेषेवर पडते ते शोधायला लागली.