ट्रान्सपरंट नेलपेंटच्या दोन बाटल्या

सांगलीत मारुती रोडवरच्या कटलरीच्या दुकानात नुसतं ‘ट्रान्सपरंट द्या’ म्हटलं, तर हातात काहीही पडू शकतं. रंगाच्या खाली लावायचा बेसकोटही पाण्यासारखा, रंगावरून लावायचा टॉपकोटही पाण्यासारखा. माझ्याकडे तर रिमूव्हर सांडून दोन्ही बाटल्यांवरची अक्षरं पुसली गेली आणि महिनाभर मी त्या उलटसुलट लावत होते. रंग दुसऱ्या दिवशी कांद्याच्या सालीसारखा अख्खा सुटून यायचा, आणि मी शिव्या घालायचे रंगाला.

दोन्हींचा मसाला तसा एकाच घरातला: वाळून कडक पापुद्रा धरणारं नायट्रोसेल्युलोज, राळेसारखं चिकट रेझिन आणि उडून जाणारी द्रावणं. 1920च्या दशकात मोटारींना लावायचे तेही नायट्रोसेल्युलोजचेच रंग. फरक आहे तो प्रमाणाचा. बेसकोटमध्ये धरून ठेवणारं रेझिन जास्त, म्हणून त्याचा थर मऊ, थोडा चिकटच राहतो. त्यावर रंग पकड घेतो. टॉपकोटमध्ये नायट्रोसेल्युलोज जास्त, म्हणून तो कडक आणि चकचकीत वाळतो. रंगाऱ्याला विचारा, प्रायमर आणि वॉर्निश यांची अदलाबदल तो कधी करणार नाही.

दोघांचा खरा फरक मला कळला तो पिवळेपणावरून. लाल किंवा गडद रंग थेट नखावर लावला की त्यातला रंग नखात उतरतो. रिमूव्हरने नेलपेंट जातं, पिवळट झाक मात्र तशीच राहते. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, तेव्हा ते पूर्ण नवं यायला सहाएक महिने जातात. हा पिवळेपणा खालून येतो, आणि तो अडवायचं काम बेसकोटचं.

दुसरा पिवळेपणा वरून येतो, आणि तो खास आपला. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण पांढऱ्या नेलपेंटवर काढलेल्या शेवंतीला त्याचं काय कौतुक? मूठभर भडंग खाल्लं की पाकळ्या पिवळ्या. इथे बेसकोटचे तीन थर दिलेत तरी उपयोग नाही. वरून टॉपकोट हवा, आणि तो नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवायला हवा. मी बेसकोटच वर लावत होते, तेव्हा त्या चिकटपणावर हळदच काय, चादरीचा धागासुद्धा बसायचा.

नक्षी काढताना आणखी एक घोळ होतो. आगकाडीच्या टोकाने किंवा केसांच्या पिनेने ठिपके दिले, लगेच टॉपकोट फिरवला, की सगळी शेवंती एका बाजूला फरफटत जाते. टॉपकोटमधलं द्रावण खालचा रंग पुन्हा सैल करतं. ठिपके जाड असतील तर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग ब्रशवर भरपूर टॉपकोट घ्यायचा आणि केस नखाला न टेकवता तो थेंब नुसता पुढे सरकवायचा. ब्रश निथळून घेतलात तर रेघोट्या आल्याच. ‘क्विक ड्राय’ टॉपकोट मला तरी फारसा आवडत नाही. खाली रंग ओला असला की तो वरून आधी आवळतो आणि कडा मागे खेचतो. मॅट हवं असेल तर मॅट टॉपकोटच घ्या, बेसकोट मंद दिसतो म्हणून तो वर लावू नका.

बाटल्यांवरची अक्षरं गेलीच असतील, तर स्टीलच्या झाकणावर दोन्हींचा एकेक थेंब पसरा आणि अर्ध्या तासाने बोट टेकवा. बहुतेक वेळा बेसकोट बोटाला जरासा धरतो, टॉपकोट गुळगुळीत लागतो. माझ्या टॉपकोटच्या बाटलीला आता लाल रबर गुंडाळलेलं आहे.