बूस्टर सीट

बूस्टर सीट : मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवून लहान मुलाची बैठक उंच करणारे साधन. हार्नेसच्या, म्हणजे स्वतःचे पाच पट्टे असलेल्या बालआसनात मूल मावेनासे होते आणि मोठ्यांचा सीटबेल्ट मात्र अजून त्याच्या अंगाला नीट बसत नाही, त्या मधल्या काळासाठी हे साधन असते. हा काळ साधारण चौथ्या वर्षापासून अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंतचा. बूस्टरला स्वतःचे पट्टे नसतात. जेवायला बसलेल्या लहानग्याखाली पाट सरकवावा तसे ते मुलाला फक्त उंच करते. धरून ठेवण्याचे सगळे काम गाडीचा बेल्टच करतो. म्हणून बूस्टर निवडताना गादीचा मऊपणा, कापड, कप ठेवायची जागा या गोष्टी दुय्यम ठरतात. आपल्या गाडीत, आपल्या मुलाच्या अंगावरून बेल्ट नेमका कुठून जातो, एवढेच पाहायचे असते.

तीन-बिंदू बेल्ट १९५९ साली व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोहलिन याने तयार केला, तो मोठ्या माणसाच्या हाडांचा विचार करून. अपघातात शरीराचा भार दोन भक्कम जागी यावा, अशी त्याची रचना आहे : आडवा पट्टा ओटीपोटाच्या खाली कमरेच्या हाडांवर, आणि तिरका पट्टा खांद्याच्या मध्यावरून छातीच्या हाडावर. मोठ्या माणसाने कमरेला पुढून हात लावला तर दोन्ही बाजूंना हाडाचे उंचवटे लागतात. आडवा पट्टा त्यांना अडून जागेवर राहतो. मुलांत हे उंचवटे साधारण दहाव्या वर्षापर्यंत पुरते घडलेले नसतात.

त्यात मांड्यांची लांबी कमी. मागची सीट मोठ्यांच्या मांडीइतकी खोल असते. पाच वर्षांचे मूल तिच्यावर पाठ टेकून बसले, की गुडघे सीटवरच राहतात आणि पाय काठीसारखे समोर येतात. अवघडल्यामुळे ते दोन-चार मिनिटांत पुढे घसरते, पाठीला पोक येतो आणि कमरेवरचा पट्टा चढून बेंबीवर येतो. तिरका पट्टा मानेला घासतो म्हणून मूल तो काखेखाली घेते किंवा सरळ पाठीमागे टाकते. वरकरणी बेल्ट लावलेला दिसतो. गाडी जोरात आदळली, की मात्र शरीर पट्ट्याखालून पुढे सरकते, पट्टा मऊ पोटात रुततो आणि धड त्याच्यावर कात्रीसारखे मिटते. आतडी, यकृत, प्लीहा आणि कमरेचे मणके यांना यात होणाऱ्या इजांना वैद्यकात १९६२ पासून ‘सीटबेल्ट सिंड्रोम’ म्हटले जाते. अपघातानंतर पोटावर पट्ट्याचा आडवा वळ दिसला, तर डॉक्टर आतड्याला इजा झाली आहे का ते आवर्जून तपासतात, ते यामुळेच. अमेरिकेतील अभ्यासांनुसार, चार ते आठ वर्षांच्या मुलांत नुसत्या सीटबेल्टच्या तुलनेत बूस्टरमुळे गंभीर इजेचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतो.

बेल्टच नसेल तर काय होते, याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्रानेही करता येतो. ताशी ५० किमी वेगाची गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर १५ किलोच्या मुलाला थोपवण्यासाठी सुमारे २१० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. ‘मी घट्ट धरून बसते’ म्हणणाऱ्या आजीच्या किंवा आईच्या हातात तो नसतो, कुणाच्याच नसतो. पुढच्या सीटवर मांडीवर घेतलेले मूल तर एअरबॅग आणि मोठे माणूस यांच्या मधोमध सापडते.

पहिली बूस्टर गादी व्होल्वोने १९७८ मध्ये बाजारात आणली. सीटमध्येच घडी होऊन बसणारे बूस्टर त्याच कंपनीने १९९० मध्ये दिले. कायदे मात्र बऱ्याच उशिरा आले. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २००० साली पहिला बूस्टर कायदा केला. १९९६ मध्ये मोठ्यांचा बेल्ट लावलेला अँटन स्कीन हा चार वर्षांचा मुलगा अपघातात गाडीबाहेर फेकला जाऊन दगावला होता. त्याच्या आईने केलेल्या पाठपुराव्यातून तो कायदा झाला आणि २००२ चा केंद्रीय कायदाही ‘अँटन्स लॉ’ म्हणून ओळखला जातो. ब्रिटनमध्ये २००६ पासून १२ वर्षे वय किंवा १३५ सेंमी उंची, यांपैकी जे आधी येईल तोवर बालआसन किंवा बूस्टर सक्तीचे आहे. जर्मनीत ही उंची १५० सेंमी आहे.

बूस्टर कधी सुरू करावे, यात घाई होते ती बहुधा आईवडिलांच्या सोयीपोटी : हार्नेस लावायला वेळ लागतो, मूल कुरकुर करते, धाकट्यासाठी ती सीट हवी असते. युरोपच्या जुन्या वजनगटांत १५ किलोपासून बूस्टर चालते आणि हार्नेसची सीट १८ किलोपर्यंत चालते. या दोन आकड्यांच्या मधल्या मुलाला हार्नेसमध्येच ठेवलेले बरे. वजन भरले तरी साडेतीन-चार वर्षांचे मूल बूस्टरवर सरळ बसून राहीलच असे नाही. ते खाली पडलेले खेळणे घ्यायला वाकते, झोप लागली की दाराकडे कलंडते, बकलचे लाल बटण दाबून पाहते. हार्नेस हे सगळे सहन करतो, बूस्टर करत नाही. हार्नेसच्या सीटवर लिहिलेली वजनाची किंवा उंचीची मर्यादा ओलांडली, किंवा मुलाचे खांदे पट्ट्यांच्या सर्वांत वरच्या खाचेच्या वर गेले, की मग बदल करावा. स्वीडनमध्ये मुले चार वर्षांची होईतो मागे तोंड केलेल्या सीटवर बसतात आणि तिथून थेट बूस्टरवर येतात. पुढे तोंड केलेला हार्नेस तिथे फारसा वापरतच नाहीत.

बूस्टरचे मुख्य प्रकार दोन. पाठीच्या बूस्टरला डोक्याच्या दोन्ही बाजूंना आधार असतो आणि खांद्यापाशी तिरका पट्टा ओवायची खाच असते. बिनपाठीचे म्हणजे नुसती कडक बैठक, बाजूला दोन शिंगे किंवा हात. हे हलके, स्वस्त आणि टॅक्सीत न्यायला सोपे. तरी चार ते सात वर्षांच्या मुलासाठी पाठीचेच घ्यावे, असे या नोंदीचे मत आहे. बाजूने धडक बसली तर डोक्याला आडोसा मिळतो हे एक कारण. मूल झोपले तरी पट्टा खांद्यावरून हलत नाही, हे रोजच्या वापरातले त्याहून मोठे. युरोपातही २०१७ पासून बिनपाठीच्या नव्या मॉडेलना १२५ सेंमीहून उंच मुलांसाठीच मान्यता मिळते. शिवाय ज्या छोट्या हॅचबॅकमध्ये मागच्या सीटला हेडरेस्टच नसतात किंवा ते अगदी बुटके असतात, तिथे बिनपाठीच्या बूस्टरवर बसलेल्या मुलाच्या डोक्यामागे काहीच उरत नाही. मुलाचे कान सीटच्या किंवा हेडरेस्टच्या वरच्या कडेखाली राहिले पाहिजेत.

विकत घेण्याआधी बूस्टर गाडीत ठेवून, मुलाला वर बसवून पाहणे याला पर्याय नाही. आडवा पट्टा दोन्ही शिंगांखालून जाऊन मांड्यांच्या मुळाशी टेकतो का, पोटावर तर येत नाही ना. तिरका पट्टा मान आणि खांद्याचे टोक यांच्या मधोमध आहे का, हे डोळ्यांनी दिसते. मुलाला पुढे वाकवून पुन्हा मागे टेकवावे : पट्टा खाचेतून आपोआप परत आत ओढला गेला पाहिजे. काही सीटमध्ये तो खाचेत अडकतो आणि छातीपुढे ढिला झोळ राहतो. अशी सीट कितीही महाग असली तरी घेऊ नये. दुसरी अडचण बकलची. आपल्याकडच्या लहान गाड्यांत मागचे बकल बऱ्याचदा पट्ट्याच्या लोंबत्या तुकड्यावर असते. रुंद बूस्टर ठेवले की ते त्याखाली दडते. मग रोज सकाळी शाळेच्या घाईत हात घालून ते उपसावे लागते आणि आठवड्याभरात बेल्ट लावणेच सुटते. गाडीचा हेडरेस्ट बूस्टरच्या पाठीला पुढे ढकलत असेल, तर सीटच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे तो वर करावा किंवा काढावा. मधल्या जागी फक्त कमरेचा पट्टा असेल, जसा जुन्या गाड्यांत असतो, तर तिथे बूस्टर चालत नाही.

आयसोफिक्सचे, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या धातूच्या कड्यांत अडकणारे, आकडे असलेले बूस्टर जागेवरून सरकत नाही आणि रिकामे असताना ब्रेक लागला तर उडून पुढे येत नाही. मुलाला मात्र ते आकडे धरत नाहीत, बेल्ट लावावाच लागतो. आकडे नसतील तर रिकाम्या बूस्टरलाही बेल्ट लावून ठेवावा.

बेल्ट कसा बसतो यालाच किती महत्त्व आहे, हे अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या पद्धतीवरून कळते. २००८ पासून ही संस्था बूस्टरना श्रेणी देते, पण त्यासाठी धडक-चाचणी घेत नाही. सहा वर्षांच्या मुलाएवढा पुतळा बसवून, वेगवेगळ्या गाड्यांतल्या बेल्टची मांडणी करून, पट्टे कुठे पडतात तेवढे मोजते.

धडक-चाचणीची खूण लेबलावर असते. युरोपीय मान्यतेच्या नारिंगी रंगाच्या लेबलावर वर्तुळात रोमन ‘ई’ आणि त्याशेजारी देशाचा क्रमांक (१ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स) असतो. ‘आर४४’ या जुन्या नियमाच्या लेबलावर किलोंत वजनगट छापलेला असतो : १५ ते २५ हा दुसरा, २२ ते ३६ हा तिसरा; मान्यता क्रमांक ०३ किंवा ०४ ने सुरू व्हावा. २०१३ पासून लागू झालेला ‘आर१२९’ (आय-साइज हा त्यातलाच एक प्रकार) मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये धरतो आणि बाजूच्या धडकेची चाचणीही मागतो. युरोपीय संघात सप्टेंबर २०२४ पासून आर४४ च्या सीटची विक्री बंद झाली आहे. भारतीय मानक एआयएस-०७२ हे आर४४ च्याच धर्तीवरचे असून ही मानके पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे वेताळ टेकडीवरची एआरएआय, प्रसिद्ध करते. खोक्यावर ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ असे छापलेले असेल पण खुद्द सीटला लेबल शिवलेले किंवा चिकटवलेले नसेल, तर त्या छापील शब्दांना किंमत नाही.

ऑनलाइन बाजारात बूस्टरच्या नावाखाली भलत्याच गोष्टी मिळतात. कापडी गादीला चार पट्टे शिवून ती सीटला बांधायची ‘सीट’ त्यातली एक. दुसरी म्हणजे दोन पट्टे एकत्र बांधणारे कापडी त्रिकोण; मानेला घासणारा पट्टा ते खाली ओढतात खरे, पण त्याच ओढीने कमरेचा पट्टा वर पोटावर आणतात. घरची उशी किंवा सोफ्याचा तक्क्या खाली ठेवणे हेही त्यातलेच. धक्क्यात तो दबतो आणि मूल पट्ट्याखाली घसरते. वापरलेली सीट ओळखीच्या घरातून, तिला कधीच अपघात झालेला नाही याची खात्री असेल आणि तिच्यावर छापलेली वापराची मुदत उरली असेल, तरच घ्यावी. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेले बूस्टर इथल्या तीन-बिंदू बेल्टवर वापरता येते. त्यावर युरोपीय लेबल नसते, अमेरिकी मानक क्रमांक २१३ चा उल्लेख असतो.

भारतात मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-बी आले. चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसन न लावता गाडी चालवल्यास १,००० रुपये दंड आहे. यातला ‘किंवा’ हा कच्चा दुवा आहे : पाच वर्षांच्या मुलाच्या मानेवरून आणि पोटावरून गेलेला मोठ्यांचा बेल्टही कायद्याला चालतो. मागे बेल्ट लावण्याचा विषय महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने चर्चेला आला तो सप्टेंबर २०२२ मध्ये, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाल्यावर. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यांनी मागच्या सीटवर बेल्ट लावला नव्हता. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या, गाड्यांची धडक-चाचणी घेऊन त्यांना तारे देणाऱ्या भारत एनकॅप चाचणीत बालसुरक्षेला वेगळे ४९ गुण आहेत. पण त्यातले पुतळे दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे असतात, बूस्टरच्या वयाचे नसतात. त्यामुळे गाडीचे पाच तारे पाहून सहा वर्षांच्या मुलाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

बूस्टर सोडण्याची वेळ वाढदिवसावरून ठरत नाही. उंची साधारण १४५ ते १५० सेंमी झाली, की मुलाला बूस्टरशिवाय बसवून पाहावे : पाठ सीटला पूर्ण टेकलेली असताना गुडघे सीटच्या कडेवर दुमडतात का, आडवा पट्टा मांड्यांवर आणि तिरका खांद्याच्या मध्यावर राहतो का, आणि मुंबई-पुण्याएवढ्या प्रवासात मूल न घसरता तसेच बसून राहते का. सीटची खोली आणि बेल्ट सुटण्याची जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते, म्हणून घरच्या हॅचबॅकमध्ये या कसोटीला उतरलेल्या मुलाला मामाच्या मोठ्या एसयूव्हीत आणखी वर्षभर बूस्टर लागू शकते.