सहाराच्या कपारीतल्या लेंड्या

सांगोला-मंगळवेढ्याकडे रान मोकळं झालं की धनगराची मेंढरं शेतात बसवतात. सकाळी कळप उठला की मागे लेंड्यांचा थर. पहिल्या पावसात तो मातीत मुरतो. त्यातून काळं रान म्हणजे उन्हाळ्यात भेगाळणार, वरचं आत पडणार. पावसात फुगून खालचं वर येणार. अशा मातीत जुना हिशेब थराथरानं टिकणं अवघडच.

लिबियाच्या नैऋत्येला तद्रार्त अकाकूस डोंगरात मात्र तो टिकला. वालुकाश्माच्या या डोंगरात जागोजागी उथळ कपारी आहेत; पुरातत्त्वात त्यांना शैलाश्रय म्हणतात. सोलापूरला वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी आपण दुष्काळी. तिथे वीससुद्धा मुश्किलीनं. म्हणूनच बी, काडी, लेंडी काहीच कुजलं नाही.

उआन अफूदा या कपारीत लेंड्यांचा जाड थर निघाला, तोही रानमेंढ्यांचा. तो साचला तेव्हा त्या भागात पाळीव जनावरं आलेलीच नव्हती. शिकारी लोकांनी रानमेंढ्या कपारीत कोंडून चारा घातला असावा, असा अर्थ संशोधक लावतात. आपल्याकडच्या मेंढवाड्याचं हे फार लांबचं भावंड म्हणायचं!

जवळच्या ताकरकोरी कपारीत २००३ ते २००६ या काळात रोमच्या सापिएन्झा विद्यापीठानं उत्खनन केलं. तिथल्या प्राण्यांच्या अवशेषांत सुमारे ८० टक्के मासे: मांगूर जातीचे आणि तिलापिया. सहारात मासे! पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो. त्या डुलण्यात सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात ऊन वाढलं, मोसमी पाऊस उत्तरेला सरकला आणि वाळवंटात तळी भरली. पुढे गुरं आली. तिथल्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या खापरांत दुधाचा स्निग्धांश मुरलेला असल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं.

पाऊस हटल्याची नोंदही तिथेच आहे. सर्वांत जुन्या थरांत माशांचं प्रमाण ९० टक्के, तर सुमारे ५९०० ते ४६५० वर्षांपूर्वीच्या थरांत ४०. मासे घटत गेले, गुरंही मागे पडली. वरच्या थरात पुन्हा लेंड्याच लेंड्या, पण आता पाळीव शेळ्यामेंढ्यांच्या, कमी पाण्यावर भागवणाऱ्या.