स्पेंटवॉश, मासे आणि सूक्ष्मजीवांचा जमाखर्च

गाळप हंगामात कृष्णा-पंचगंगेच्या काठावरून एक बातमी हमखास येते: नदीपात्रात मेलेल्या माशांचा खच, मळीमिश्रित पाणी सोडल्याचा आरोप. फोटोत पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे असतात, नाक दाबून उभी असलेली माणसं असतात आणि पाटीत मासे भरून नेणारीही असतात. पुढचा वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, कारखान्यांनी नदीत विष कालवलं. दुसरी म्हणते, मग कारखाने बंद करा, ऊस कोण घेतो ते बघू. मला या वादात पडण्याआधी त्या पाण्यात नेमकं काय असतं ते सांगायचं आहे, कारण उद्योग आणि पर्यावरण यांचा मेळ कुठवर आपोआप बसतो आणि कुठून पुढे तो बसवावा लागतो, याचं उत्तर त्या पाण्याच्या रसायनशास्त्रात आहे.

मळी, म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा दाट पाक, कुणी नदीत सोडत नाही; ती टनावर विकली जाते. टनभर उसातून साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते, तिच्यातली उरलेली साखर यीस्टला खायला घालून डिस्टिलरीत अल्कोहोल तयार करतात. हे अल्कोहोल उकळून वेगळं काढलं की तळाशी उरतो तो स्पेंटवॉश. गडद तपकिरी, जवळजवळ काळा, आंबूस वासाचा, बाहेर पडताना हात घालवणार नाही इतका गरम. मळीपासून एक लिटर अल्कोहोल केलं, तर असा ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश उरतो. आणि त्यात मुख्यतः असतं ते अन्न: यीस्टने न खाल्लेल्या शर्करा, मेलेलं यीस्ट, सेंद्रिय आम्लं, पोटॅश.

नदीतले जिवाणू या अन्नावर तुटून पडतात, आणि खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. किती ऑक्सिजन लागेल, हे मोजायचं माप म्हणजे बीओडी. आपल्याकडे हे माप २७ अंश सेल्सियसला तीन दिवस ठेवून घेतात. घरगुती सांडपाण्याची बीओडी लिटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅम असते, कच्च्या स्पेंटवॉशची ४० ते ६० हजार. नदीच्या स्वच्छ पाण्यात एका लिटरमध्ये विरघळलेला ऑक्सिजन असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम, आणि तो ४-५ च्या खाली गेला की बहुतेक मासे अडचणीत येतात. आता साधा भागाकार करा. ५० हजार बीओडीचा एक लिटर स्पेंटवॉश सव्वासहा हजार लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकतो. दहा हजार लिटरचा एक टँकर सव्वासहा कोटी लिटर पाण्यातला. मासे बहुतेक वेळा गुदमरून मरतात, तेही पहाटे, कारण रात्री शेवाळही ऑक्सिजनच घेतं आणि उजाडण्याआधी पातळी सर्वांत खाली असते. काठाशी येऊन पाण्यावर तोंड काढून धापा टाकणारे मासे ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. दुधाची बीओडी लिटरमागे लाखाच्या घरात असते, म्हणजे स्पेंटवॉशपेक्षाही जास्त. नदीला दुधाचा अभिषेक करणारा भाविक आणि चोरून टँकर सोडणारा माणूस यांच्या हेतूत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण माशाला ते कळत नाही. गूळ आणि फळांच्या साली आंबवून केलेलं 'बायोएन्झाइम' ओतून तलाव शुद्ध करण्याच्या मोहिमा निघतात, त्यांचंही तेच. आंबलेला गूळ पाण्यात ओतल्याने पाण्यातला ऑक्सिजन वाढत नाही, घटतो.

तर, कारखान्याने या स्पेंटवॉशचं करायचं काय? रोज ६० हजार लिटर अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी धरा. लिटरमागे दहा लिटर धरले तरी सहा लाख लिटर स्पेंटवॉश, म्हणजे ३० टन बीओडीचा रोजचा भार. एक माणूस दिवसाला साधारण ४५ ग्रॅम बीओडीची घाण करतो. म्हणजे ही एकटी डिस्टिलरी साडेसहा लाख वस्तीच्या शहराएवढी. शहरासारखं हवा फुंकून हे पाणी शुद्ध करायचं म्हटलं, तर विजेचं बिलच डिस्टिलरी बुडवेल. त्यामुळे हवा न देता, बंद टाकीत, हे काम करणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे जावं लागतं. मला या लेखात खरं तर त्यांच्याबद्दलच लिहायचं होतं.

मोठी, बंद, घुमटाच्या छपराची पोलादी टाकी म्हणजे डायजेस्टर. ती सुरू करताना आत शेणकाला भरतात, कारण गुराढोरांच्या पोटात हे जीव आधीच राहत असतात. गाईचं शेण असो वा म्हशीचं, काम सारखंच होतं. आत चार टप्प्यांत काम चालतं. पहिले जिवाणू मोठे रेणू तोडतात. दुसरे त्यांची आम्लं करतात: ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक. तिसरे या लांब आम्लांपासून ॲसेटिक आम्ल आणि हायड्रोजन काढतात. चौथे ॲसेटिक आम्लापासून, किंवा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून, मिथेन करतात. हे चौथे जीव दिसायला जिवाणूंसारखे असले, तरी जिवाणू नव्हेत. १९७७ मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्यांचा आरएनए तपासून दाखवलं, की हे जीवसृष्टीच्या वेगळ्याच शाखेतले आहेत. त्या शाखेला पुढे आर्किया हे नाव पडलं.

सगळं गूढ आहे ते तिसऱ्या टप्प्यात. प्रोपिऑनिक आम्लापासून हायड्रोजन काढण्याची अभिक्रिया नेहमीच्या परिस्थितीत ऊर्जा देत नाही, उलट मोलमागे ७६ किलोज्यूल मागते. एखाद्या सूक्ष्मजीवाने असलं काम का करावं? तो ते करतो, कारण शेजारी हायड्रोजन खाणारा आर्किया बसलेला असतो. त्याने हायड्रोजन इतक्या झपाट्याने संपवला, की त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दहा हजाराव्या भागाखाली गेला, तर तीच अभिक्रिया ऊर्जा देणारी ठरते. उष्मागतिकीचा नियम कुठेही मोडलेला नाही. तयार झालेला माल उचलला गेला, म्हणून गाडी पुढे सरकली. पहिल्या पंगतीच्या पत्रावळी उचलल्याशिवाय दुसरी पंगत बसत नाही, तसं. १९६७ मध्ये अमेरिकेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्विन ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी हे उघड केलं. अल्कोहोल खाऊन मिथेन सोडणारा एक सूक्ष्मजीव अनेक वर्षं प्रयोगशाळांमध्ये वाढवला जात होता. ब्रायंट यांनी दाखवलं, की तो एक जीव नाहीच, दोन आहेत. एक अल्कोहोलपासून हायड्रोजन काढतो आणि त्याच हायड्रोजनमुळे अडतो. दुसरा तो हायड्रोजन खातो आणि पहिल्याची वाट मोकळी करतो. वेगळे केले तर अल्कोहोलवर दोघांपैकी एकालाही नीट वाढता येईना.

डायजेस्टर चालवणाऱ्याची खरी चिंता याच साखळीतून येते. आम्ल करणारे जिवाणू झटपट वाढतात, मिथेन करणारे आर्किया अतिशय सावकाश. त्यांची संख्या दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागू शकतात. स्पेंटवॉशचा पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी, तितकी आम्लता जास्त) चार-साडेचार असतो, तरी टाकीत तो सातच्या वर टिकतो, कारण आम्ल तयार होतं त्याच वेगाने खाल्लं जातं. घाईने जास्त माल आत ढकलला, की हायड्रोजन साठतो, प्रोपिऑनिक आम्ल तुंबतं, पीएच घसरतो, त्याने आर्किया आणखी मंदावतात आणि टाकी आंबते. मग ती पूर्ववत व्हायला आठवडे जातात. उत्पादन वाढवायचं म्हणून व्यवस्थापनाने कितीही जोर लावला, तरी या जीवांची चाल वाढत नाही.

आता जमाखर्च बघू. हवेत वाढणारे जिवाणू खाल्लेल्या अन्नापैकी जवळजवळ निम्म्याचं स्वतःचं शरीर बनवतात, म्हणून हवेच्या प्रक्रियेत गाळाचे ढीग साठतात. बंद टाकीतल्या जीवांना ऊर्जा मिळते तुटपुंजी. अन्नातली सुमारे ९० टक्के ऊर्जा मिथेनमध्ये तशीच निघून जाते. त्यांचं हे दारिद्र्य हाच कारखान्याचा नफा. घनमीटरभर स्पेंटवॉशमधून २५ ते ३० घनमीटर बायोगॅस मिळतो. आपल्या उदाहरणातल्या डिस्टिलरीला रोज किमान १५ हजार घनमीटर, आणि बॉयलरमध्ये तो तीसेक टन ओल्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, जागा घेतो. बगॅस वाचला की तो कागद कारखान्याला विकता येतो, नाहीतर त्याची वीज करून ग्रीडला देता येते. म्हणून डायजेस्टर बसवायला डिस्टिलऱ्यांना फार समजवावं लागलं नाही.

हेच गणित प्रेसमडलाही लागू पडतं. उसाचा रस गाळताना उरणाऱ्या या चिखलापासून कॉम्प्रेस्ड बायोगॅस करता येतो, साधारण २५ टनांमागे एक टन. केंद्राच्या २०१८ च्या 'सतत' योजनेमुळे तेल कंपन्या तो विकतही घेतात. पैसा दिसला की कारखाना स्वतःहून पुढे येतो, आणि त्यात वाईट काही नाही.

पण डायजेस्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याची बीओडी अजून पाच-सात हजार असते, घरगुती सांडपाण्याच्या वीसपट. रंगही जात नाही, कारण तो येतो मेलॅनॉइडिन या रेणूंमुळे, साखर आणि अमिनो आम्लं तापून एकमेकांत गुंतल्याने बनलेल्या. हे रेणू सूक्ष्मजीवांना सहज तुटत नाहीत. ज्यातून गॅस निघण्यासारखा होता तो निघून गेलेला असतो. इथून पुढे प्रत्येक मिलिग्रॅम काढायला पैसा लागतो आणि परत फारसं काही येत नाही. 'पर्यावरण जपलं की नफा आपोआप वाढतो' असं कंपन्यांच्या चकचकीत अहवालांत लिहिलेलं असतं. ते डायजेस्टरपर्यंत खरं आहे. त्यापुढचा रस्ता कायद्याने ओढूनच पार करावा लागला. २००३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांसाठी केलेल्या सनदेने डिस्टिलऱ्यांना त्या दिशेने ढकललं. आता स्पेंटवॉशचा थेंबही कुंपणाबाहेर सोडायचा नाही, अशी अट आहे.

ती पाळण्याचे मुख्य मार्ग दोन. प्रेसमडमध्ये मुरवून कंपोस्ट करणं हा जुना मार्ग, पण पावसाळ्यात तो चालत नाही. दुसरा मार्ग म्हणजे पाणी आटवून घट्ट झालेला पाक बगॅस किंवा कोळशाबरोबर खास बॉयलरमध्ये जाळायचा. त्याच्या राखेत पोटॅश असतं, आणि भारत पोटॅश खत जवळजवळ सगळं आयात करतो. २०२१ पासून मळीजन्य पोटॅशला केंद्राच्या खत अनुदानात जागा मिळाली, त्यामुळे खर्चाच्या या टोकालाही थोडा पैसा दिसू लागला आहे. मात्र तेच पोटॅश बॉयलरच्या नळ्यांवर वितळून थर धरतं. मग बॉयलर ठरावीक काळाने थांबवून साफ करावा लागतो.

माझ्या मते धोका आहे तो इथे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य आल्यापासून डिस्टिलऱ्या वाढल्या. तेल कंपन्यांकडून येणारा पैसा शेतकऱ्याचं ऊसबिल भागवायला लागतो, म्हणून डिस्टिलरी थांबवणं प्रत्येकाच्या जिवावर येतं. बॉयलर साफसफाईसाठी बंद, डिस्टिलरी मात्र चालू, अशा दिवसांत स्पेंटवॉश लॅगूनमध्ये, म्हणजे साठवण-तळ्यात, साठत जातो, आणि लॅगूनला तळ असतो तसा काठही असतो. २०१४ पासून डिस्टिलऱ्यांवर ऑनलाइन मोजमापाची सक्ती आहे. त्या यंत्रणेत लॅगूनची पातळी आणि बॉयलरचे चालू-बंद तास एकत्र धरावेत, आणि पातळी ठरावीक उंचीवर आली की डिस्टिलरीचा मळीचा पुरवठा बंद व्हावा. त्या आठवड्यात बुडालेल्या इथेनॉलचा भुर्दंड कारखान्याने सोसावा. आज तो नदी आणि तिच्यावर जगणारे मासेमार सोसतात.