कॉलेज, गाव आणि १९८३चा निर्णय

महाविद्यालयांनी आसपासच्या गावांना हातभार लावावा, ही अपेक्षा नव्या शैक्षणिक धोरणाने आणलेली नाही. साताऱ्यात १९४७ साली निघालेल्या कॉलेजात मुलं राबून शिकत. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ची. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर, ही तिची चौकट सर्वांच्या परिचयाची.

पण गावाच्या अर्थकारणात कॉलेज शिरलं ते १९८३ नंतर. त्या वर्षी राज्याने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तोवर पुणे, मुंबई, सांगली, कऱ्हाड अशी ठिकाणं गाठावी लागत. आता लोणी, कोपरगाव, साखराळे अशा साखर कारखान्यांच्या पट्ट्यात कॉलेजं उभी राहिली. सरकारची बाजू अशी, की तिजोरीत पैसा नाही आणि आपली मुलं प्रवेशासाठी देणग्या भरून कर्नाटकात जातात. हे खोटं नव्हतं. मात्र देणग्यांचं लोण इथेही आलं. १९८७मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. १९९३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फ्री सीट (कमी फीची) आणि पेमेंट सीट (जास्त फीची) अशी विभागणी घालून दिली, २००२मध्ये तीही मोडीत निघाली. या सगळ्या वादात फीची चर्चा झाली, प्रवेशाची झाली. ज्या ऊस उत्पादकांच्या बळावर हा पट्टा उभा राहिला, त्यांच्या मुलांना तिथे किती जागा मिळाल्या, हे मात्र फार कुणी विचारलं नाही.

गावाला फायदा झाला, हे मान्य करायलाच हवं. कॉलेजच्या रस्त्याला खोल्या निघाल्या, कॉट बेसिसवर मुलं राहू लागली, घरोघरी मेसचे डबे सुरू झाले, झेरॉक्सची दुकानं चालली. पण ही कमाई प्रवेशांवर उभी होती. २०१०नंतर इंजिनिअरिंगच्या जागा रिकाम्या राहू लागल्या, तसा खोल्यांचा धंदाही बसला. उत्पन्न आणणं आणि गावासाठी काम करणं यांत फरक आहे, तो तेव्हा कळला.

दुसरी वाटही होती. १९७८-७९मध्ये केंद्राने पॉलिटेक्निकमार्फत खेड्यांतल्या तरुणांना छोटी कौशल्यं शिकवण्याची योजना आणली. मोटार वाइंडिंग, शिवणकाम, गवंडीकाम असल्या उपयोगी गोष्टी. महाराष्ट्रात तिच्याकडे हवं तेवढं लक्ष गेलं नाही, कारण सगळ्यांचे डोळे नव्या इमारतींवर होते.

२०१४पासून केंद्राच्या उन्नत भारत अभियानात उच्च शिक्षणसंस्था गावं निवडतात, आणि २०२० च्या धोरणानंतर फिल्ड प्रोजेक्ट व ओजेटीला (प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाला) क्रेडिट आहे. एनएसएसच्या शिबिरांचा जुना प्रश्न मात्र तसाच. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा, तर ओढा वाहता असताना, दिवाळीच्या आसपास. परीक्षांच्या वेळापत्रकामुळे अनेक शिबिरं डिसेंबर-जानेवारीत होतात, तेव्हा दुष्काळी तालुक्यांत अडवायला पाणीच उरलेलं नसतं. ही तारीख विद्यापीठाला एका परिपत्रकाने बदलता येईल.